विद्यापीठाच्या ऑफिसात काम अडलंय? खिडकीवर आवाज चढवायच्या आधी हे वाचा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी विद्यापीठाच्या ऑफिसात पहिल्यांदाच ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचं एकत्रित अधिकृत पत्रक), मायग्रेशन (दुसऱ्या विद्यापीठात जायला लागणारं प्रमाणपत्र), डिग्री, मार्कशीट दुरुस्ती असलं काही काम घेऊन जाणार असाल तर हे तुमच्यासाठी आहे. मी स्वतः या सगळ्यातून गेलोय आणि नंतर ज्युनियर पोरांसोबत बऱ्याचदा त्याच पायऱ्या चढलोय, त्यामुळे कुठे काय होतं ते आता चांगलं ठाऊक झालंय. "साहेब जागेवर नाहीत", "सर्व्हर बंद आहे", "पुढच्या आठवड्यात या", "तुम्हाला कोणी सांगितलं इथे यायला" ही वाक्यं तुम्हाला ऐकायला मिळणारच, आणि ती ऐकून गावाकडून रात्रभर बसने आलेली मुलं रडवेली होऊन परत जाताना बघितली की खरंच जीव तुटतो, कारण बहुतेक वेळा काम होण्यासारखं असतं, फक्त मागायचं कसं ते त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

सगळ्यात आधी डोक्यात एक गोष्ट वेगळी करा. तुमचं काम अडलंय हा एक प्रश्न आणि समोरचा माणूस नीट बोलत नाही हा दुसरा प्रश्न. दोन्हीचा राग एकदम येतो म्हणून आपण दोन्ही एकत्र करून भांडतो, मग ऑफिसात चर्चा होते ती भांडणाची आणि काम तिथेच पडून राहतं. आधी काम, आणि तेही तोंडी नाही, कागदावर. बोलण्याचं काय करायचं ते खाली वेगळं लिहिलंय.

१. काम नक्की कोणाच्या टेबलावरचं आहे ते आधी शोधा

अर्धे हेलपाटे इथेच वाचतात. कॉलेज वेगळं आणि विद्यापीठ वेगळं. बोनाफाईड, एलसी, नो ड्यूज, कॉलेजची फी, स्कॉलरशिपच्या फॉर्मची पडताळणी ही कॉलेजच्या ऑफिसची कामं. मायग्रेशन, ट्रान्सक्रिप्ट, पदवी प्रमाणपत्र, रिव्हॅल्युएशन, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी, रिझल्ट राखीव असणं (म्हणजे रोखून ठेवलेला असणं) ही विद्यापीठाची कामं. आणि काही कामं मधली असतात, म्हणजे मार्कशीटवर नाव चुकलं असेल तर अर्ज साधारणपणे कॉलेजमार्फत, प्राचार्यांच्या पत्रासह जातो. तुम्ही थेट विद्यापीठात गेलात तर खिडकीवरचा माणूस "कॉलेजमधून या" एवढंच बोलून मान खाली घालणार. ते ऐकायला उद्धट वाटतं पण बऱ्याचदा बरोबर असतं.

विद्यापीठाच्या आतही विभाग असतात. परीक्षेसंबंधी सगळं परीक्षा विभागात, आणि तिथले सर्वात वरचे अधिकारी म्हणजे परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक. पात्रता म्हणजे एलिजिबिलिटीचा विभाग वेगळा. पैसे परत मिळायचे असतील तर वित्त व लेखा. बाकी प्रशासनाचे प्रमुख कुलसचिव. प्रत्येक विभागातली उतरंड साधारण अशी असते: कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, कक्ष अधिकारी, सहाय्यक कुलसचिव, उपकुलसचिव. ही उतरंड पाठ ठेवा, पुढे लागणार आहे.

जायच्या आधी वेबसाईटवर विद्यापीठाची "नागरिकांची सनद" शोधा. कुठलं काम किती दिवसात व्हायला पाहिजे आणि जबाबदार कोण, हे त्यात दिलेलं असतं. त्या पानाची प्रिंट काढून सोबत ठेवा. खिडकीवर कोणाच्या तोंडावर नाचवायला नाही, फक्त अर्जात "सनदेनुसार इतक्या दिवसांची मुदत" असं लिहिता येतं आणि त्या एका ओळीने अर्जाला वजन येतं.

२. फाईल तयार करा

एक साधी प्लास्टिकची फाईल घ्या आणि त्यात हे सगळं ठेवा:

- सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, मूळ आणि प्रत्येकी दोन झेरॉक्स (एटीकेटी म्हणजे एखादा विषय राहून पुढच्या वर्षात गेला असाल तर नापास झालेल्या प्रयत्नाची मार्कशीटसुद्धा, ट्रान्सक्रिप्टला हमखास मागतात)
- पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक), सीट नंबर, परीक्षेचा महिना आणि वर्ष, एका कागदावर मोठ्या अक्षरात
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, परदेशाचं काम असेल तर पासपोर्टची झेरॉक्स
- एलसी किंवा टीसीची झेरॉक्स
- नाव बदललेलं असेल तर राजपत्राची प्रत, लग्नानंतरचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला
- फी भरल्याची पावती, ऑनलाईन भरली असेल तर ट्रान्झॅक्शन आयडी दिसणारी प्रिंट
- पासपोर्ट साईज फोटो, कोरे कागद, पेन, स्टेपलर, गोंद
- आधी काही पत्रव्यवहार झाला असेल तर तारखेनुसार लावून

कोरे कागद आणि गोंद वाचून नवल वाटेल पण "अर्ज लिहून आणा" म्हटल्यावर कागद शोधायला बाहेर गेलात की परत येईपर्यंत लंच टाईम झालेला असतो. पीआरएनच्या कागदाचंही तसंच. समोरच्याला सिस्टीममध्ये तुम्हाला शोधायला तोच नंबर लागतो, तो लगेच पुढे केला की निम्मं बोलणं वाचतं.

झेरॉक्सवर स्वतः सही करून "स्वयंसाक्षांकित" लिहा, बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं.

मूळ कागदाबद्दल खास सांगतो. मूळ मार्कशीट, मूळ एलसी कोणाच्याही हातात "ठेवून जा, बघतो" म्हटल्यावर देऊ नका. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्येच काढलंय की प्रवेशाच्या वेळी मूळ प्रमाणपत्रं फक्त तपासून विद्यार्थ्याला परत द्यायची, स्वतःकडे ठेवून घ्यायची नाहीत. दुरुस्तीच्या कामात चुकलेली मूळ मार्कशीट जमा करावीच लागते, ते ठीक आहे, पण तेव्हा अर्जाच्या तुमच्या प्रतीवर "मूळ मार्कशीट क्रमांक अमुक जमा" असं लिहून सही शिक्का घ्या, आणि त्याआधी दोन्ही बाजूंचा स्कॅन करून ठेवा.

३. खिडकीवर बोलताना

सकाळी ऑफिस उघडल्यावर थोड्या वेळाने जा. उघडताक्षणी कोणी स्थिरावलेलं नसतं आणि लंचनंतर गर्दी साचलेली असते. रिझल्ट लागल्यावरचे दिवस आणि प्रवेशाचा सिझन टाळता आला तर टाळा, तेव्हा एकेका टेबलावर कितीतरी कॉलेजांचे गठ्ठे असतात आणि रिकाम्या जागांमुळे एक माणूस दोन-तीन जणांचं काम करत असतो. यामुळे उद्धटपणा माफ होत नाही, पण तुमचं काम कधी लवकर होईल याचा अंदाज येतो.

बोलायला सुरुवात गोष्टीने करू नका. "सर, मी मागच्या महिन्यात पण आलेलो, तेव्हा इथे दुसरे सर होते, त्यांनी सांगितलं की..." हे ऐकेपर्यंत समोरच्याचं लक्ष उडालेलं असतं. थेट असं:

"नमस्कार मॅडम. मायग्रेशनसाठी ऑनलाईन अर्ज केलाय, फी भरलीय, हा अर्ज नंबर, हा पीआरएन. स्टेटस पेंडिंग दाखवतंय. कुठल्या टेबलवर आहे ते बघायचं होतं."

एवढंच. मग गप्प बसा आणि त्यांना बघू द्या.

सर, मॅडम, भाऊसाहेब, ताई, जे तिथे चालतं ते म्हणा. दाराशी बसलेल्या शिपाईमामांना नीट नमस्कार करा आणि त्यांनाच विचारा की या कामाचे साहेब कोण आणि आज आलेत का. कुठला अधिकारी कधी जागेवर असतो, कुठली फाईल कुठल्या कपाटात जाते, हे त्यांच्याएवढं नीट कोणाला माहीत नसतं, आणि त्यांना माणूस म्हणून विचारणारे फार कमी लोक येतात.

मोबाईल काढून व्हिडिओ करायला लागू नका. तुम्ही पुराव्यासाठी करताय हे खरं असलं तरी समोर लगेच भिंत उभी राहते, चार लोक जमतात आणि "सरकारी कामात अडथळा" हे शब्द ऐकू येतात. धक्काबुक्की, हात धरणं, कागद हिसकावणं असलं काही झालं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली (जुनं ३५३) खरोखरच गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि मग डिग्री बाजूला राहून पोलीस स्टेशनच्या चकरा सुरू होतात. त्याऐवजी वही ठेवा. तारीख, वेळ, कुठली खिडकी, कोण बोललं (नाव नाही तर पद), काय बोललं. बाहेर आल्याआल्या लिहून काढा. अशी वही पुढे तक्रारीत फार कामाला येते.

४. "उद्या या" म्हटल्यावर काय विचारायचं

"उद्या या" ऐकून "बरं" म्हणून परत फिरू नका आणि भांडूही नका. शांतपणे हे विचारा:

- उद्या काय झालेलं असेल? सही होणं बाकी आहे की छपाई की पडताळणी?
- आत्ता अर्ज कोणाकडे आहे?
- माझ्याकडून काही कमी आहे का? असेल तर सगळं एकदाच सांगाल का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या एका मैत्रिणीचं ट्रान्सक्रिप्टचं काम असंच लोंबकळत होतं, गेली की दर वेळी नवीनच काहीतरी कमी निघायचं. एकदा पासपोर्टची झेरॉक्स नाही, ती आणली तर एटीकेटीची मार्कशीट नाही, ती आणली तर लिफाफ्यावर पत्ता बरोबर नाही. शेवटी आम्ही कोरा कागद पुढे केला, वर तिचं नाव आणि अर्ज नंबर आधीच लिहून ठेवलेला, आणि म्हटलं, "सर, जेवढ्या त्रुटी असतील तेवढ्या इथे लिहून द्या, सगळ्या एकदम पूर्ण करून आणतो." त्यांनी क्षणभर कागदाकडे बघितलं, मग फाईल पहिल्यांदा नीट पानं उलटून तपासली, दोन गोष्टी लिहिल्या, खाली छोटी सही केली आणि तारीख टाकली. पुढच्या वेळी तो कागद वर ठेवून फाईल दिली तेव्हा नवीन काही निघालं नाही, कारण आता यादी त्यांच्याच अक्षरात होती.

लिहून द्यायला नकार दिला तर तुम्हीच लिहा आणि वाचून दाखवा, "म्हणजे पासपोर्टची झेरॉक्स आणि लिफाफा, एवढंच ना?" आणि घरी जाऊन त्याच मजकुराचा ईमेल विभागाला पाठवा: "आज दिनांक अमुक रोजी आपल्या कार्यालयात सांगितल्याप्रमाणे खालील दोन कागद बाकी आहेत..." झालं, तोंडी बोलण्याला तारीख मिळाली.

५. लेखी अर्ज आणि पोच

या लेखातून एकच पायरी लक्षात राहणार असेल तर ही राहू द्या. तोंडी सांगितलेलं काम ऑफिसच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतं. तुम्ही किती वेळा आलात हे फक्त तुम्हाला माहीत असतं. अर्ज आवक झाला म्हणजे रजिस्टरला नोंदला गेला, त्याला नंबर पडला, की ते काम कोणाच्यातरी नावावर चढतं आणि ते का झालं नाही याचं उत्तर त्या माणसाला द्यावं लागतं.

अर्ज लांबलचक लिहू नका. एका पानात बसला पाहिजे:

प्रति,
मा. सहाय्यक कुलसचिव,
(विभागाचं नाव), (विद्यापीठाचं नाव)

विषय: मायग्रेशन प्रमाणपत्र मिळण्याबाबत

संदर्भ: ऑनलाईन अर्ज क्र. ____, दिनांक ____. फी पावती क्र. ____

महोदय/महोदया,
मी (नाव), पीआरएन ____, (अभ्यासक्रम) ____ या वर्षी उत्तीर्ण झालो/झाले आहे. वरील संदर्भीय अर्जासोबत आवश्यक ती सर्व कागदपत्रे व फी जमा केली आहे. नागरिकांच्या सनदेनुसार हे काम ____ दिवसांत होणे अपेक्षित असून ती मुदत दिनांक ____ रोजी संपली आहे. मला दिनांक ____ पर्यंत पुढील प्रवेशासाठी हे प्रमाणपत्र सादर करावयाचे आहे.
तरी प्रमाणपत्र लवकरात लवकर द्यावे, किंवा अर्जात त्रुटी असल्यास ती लेखी कळवावी, ही विनंती.

खाली नाव, सही, मोबाईल, ईमेल आणि सोबत जोडलेल्या कागदांची यादी.

यात "तुमचे कर्मचारी उद्धट आहेत", "मला मानसिक त्रास झाला" असलं काहीही घालू नका. हा कामाचा अर्ज आहे, त्यात फक्त काम. आणि शेवटचं वाक्य, "त्रुटी असल्यास लेखी कळवावी", ते कधीही गाळू नका, त्यामुळे त्यांच्यासमोर दोनच रस्ते उरतात, काम करा किंवा का होत नाही ते लिहून द्या.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. पोच म्हणजे शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही. नुसता शिक्का घेऊन निघू नका, आवक क्रमांक नसेल तर उद्या "रजिस्टरला नोंदच नाही" ऐकायला मिळेल. हा सापळा नेहमीचा आहे. काही विद्यापीठांत प्रत्येक विभागाचं आवक रजिस्टर वेगळं आणि मुख्य इमारतीतला आवक-जावक विभाग वेगळा असतो. शंका आली तर मुख्य आवक-जावकला द्या आणि तिथला नंबर घेऊन विभागात जा.

"साहेबांची सही आणा मग आवक करतो" असं म्हणतात कधीकधी. मग साहेबांकडे जा, सही मिळाली तर उत्तमच. साहेब जागेवर नसतील किंवा अर्ज घ्यायलाच नकार दिला तर वाद नको. तोच अर्ज कुलसचिवांच्या नावाने स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा, आणि ट्रॅकिंगमध्ये पोचल्याचं दिसलं की त्या पानाची प्रिंट फाईलला लावा. सोबत विभागाच्या आणि कुलसचिवांच्या अधिकृत ईमेलवर पीडीएफ. पोस्टाने आलेलं पत्र आवक करावंच लागतं.

६. मुदत, पाठपुरावा आणि वरच्या पायऱ्या

किती थांबायचं हे कामावर आहे. सनदेतली मुदत ही पहिली. काही मुदती नियमातच आहेत: महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ८९ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत. यूजीसीच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पात्र ठरल्यापासून १८० दिवसांच्या आत पदवी द्यायची. हे आकडे अर्जात लिहायला उपयोगी पडतात.

उलट काही मुदती तुमच्यावर असतात. फोटोकॉपी आणि रिव्हॅल्युएशनचा फॉर्म निकालानंतर थोडेच दिवस उघडा असतो, तो बंद झाला की कोणी काही करू शकत नाही. इथे "सर म्हणाले बघू" म्हणून थांबू नका, ऑनलाईन फॉर्म आणि फी मुदतीत भरूनच टाका. फी भरताना पैसे कापले गेले पण पावती आली नाही तर घाईने परत भरू नका, बँकेचं स्टेटमेंट आणि ट्रान्झॅक्शन आयडी लावून त्याच दिवशी ईमेल करा, म्हणजे मुदतीत प्रयत्न केल्याचा पुरावा राहतो.

मुदत उलटली की स्मरणपत्र द्या, विषयात "स्मरणपत्र १" आणि जुना आवक क्रमांक. ते पण आवक करा. त्यानेही हललं नाही की एकेक पायरी वर: कक्ष अधिकारी, मग सहाय्यक कुलसचिव, उपकुलसचिव. पायऱ्या गाळून एकदम कुलगुरूंच्या केबिनबाहेर जाऊन बसू नका, तिथून तुमचा कागद त्याच टेबलाकडे "योग्य त्या कार्यवाहीसाठी" खाली येतो आणि त्या टेबलावरचा माणूस तुमच्यावर कायमचा खट्टू होतो. वरच्या अधिकाऱ्याला भेटताना दोन मिनिटांचं काम आहे असं सांगून आत जा, पोच असलेली प्रत पुढे ठेवा, "सर, हा अर्ज, ही तारीख, एवढीच विनंती आहे." माझा अनुभव असा की कक्ष अधिकारी पातळीलाच बरीच कामं मार्गी लागतात, कारण फाईल कुठे थांबलीय ते त्यांना दिसतं आणि खालच्यांना सांगायचा अधिकार असतो.

बाहेरगावी राहत असाल तर दर वेळी स्वतः जायची गरज नाही. अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्राच्या झेरॉक्स देऊन मित्राला पाठवता येतं, फक्त विद्यापीठ ते चालवतं का हे आधी विचारून घ्या.

७. तरीही नाही झालं तर: चार दारं

पहिलं दार, विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीचे विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे २०२३ चे नियम आहेत, त्याप्रमाणे प्रत्येक संस्थेत ही समिती असलीच पाहिजे आणि तिची माहिती वेबसाईटवर ठळकपणे दिलेली पाहिजे. प्रमाणपत्रं अडवून ठेवणं, स्कॉलरशिप न देणं किंवा उशीर करणं, निकाल वेळेत न लावणं, फी परत न करणं, ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे मागणं, हे सगळं त्यात तक्रार म्हणून धरलंय. समितीने तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत शिफारशींसह अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करता येतं. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश अशी व्यक्ती, त्यांनी ३० दिवसांत निकाली काढायचं असतं. अपीलाचे १५ दिवस लक्षात ठेवा, तिथे बरेच जण चुकतात. यूजीसीचं ई-समाधान पोर्टलही आहे, तिथे ऑनलाईन तक्रार टाकता येते.

दुसरं दार, माहितीचा अधिकार. मला सगळ्यात जास्त भरवशाचं हेच वाटतं. जोडपत्र अ मध्ये अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प (दारिद्र्यरेषेखालील असाल तर पुराव्यासह मोफत), जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. "माझं काम का केलं नाही" असं विचारायचं नाही, आरटीआयमध्ये कारणं आणि मतं मागता येत नाहीत, रेकॉर्डवरची माहिती मागायची:

- माझ्या दिनांक ____ च्या, आवक क्रमांक ____ च्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची तारीखवार माहिती
- हा अर्ज ज्या ज्या अधिकाऱ्या-कर्मचाऱ्यांकडे होता त्यांची नावं, पदं आणि प्रत्येकाकडे किती दिवस होता
- अर्जावरच्या टिपणीची छायांकित प्रत
- या कामासाठी ठरवून दिलेल्या मुदतीची प्रत

दुसरा मुद्दा नीट बघा. उत्तर द्यायचं म्हणजे कोणाच्या टेबलावर अर्ज किती दिवस पडून होता ते सही करून सांगावं लागतं. बऱ्याचदा उत्तर यायच्या आधी प्रमाणपत्र तयार झाल्याचा फोन येतो. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे, नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच विद्यापीठातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत, पण तिथे वेळ फार जातो, प्रवेशाच्या घाईत त्याच्यावर विसंबू नका. तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्कही याच कायद्याखाली आहे, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच तसं स्पष्ट केलंय.

तिसरं, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. तुमची सेवा विद्यापीठाने या कायद्याखाली अधिसूचित केली असेल तर मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी ठरलेले असतात, आणि विनाकारण उशीर केल्यास त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अधिसूचित सेवांची यादी ऑफिसच्या बोर्डावर आणि वेबसाईटवर लावायची असते, आधी ती बघा, तुमची सेवा त्यात नसेल तर या रस्त्याने वेळ घालवू नका.

चौथं दार माणसांचं: विद्यार्थी विकास विभाग, विद्यार्थी परिषद, अधिसभा (सिनेट) सदस्य. एकट्याच्या मार्कशीटसाठी संघटनेला घेऊन घोषणा देत जाऊ नका, तुमचं नाव सगळ्या ऑफिसात होतं आणि काम लांबतं. पण एका वर्गाचे सगळे निकाल राखीव असतील किंवा पूर्ण बॅचची स्कॉलरशिप अडली असेल तर एकत्रच जा, सगळ्यांच्या सह्या आणि पीआरएन असलेलं एकच निवेदन द्या.

८. उद्धटपणाचं काय करायचं

आता तो दुसरा प्रश्न. नुसतं तुसडं बोलणं, मान वर न करता उत्तर देणं, मोबाईल बघत बसणं, हे माझ्या मते सोडून द्यावं. चुकीचं आहेच, पण तुमचा वेळ त्याहून महत्त्वाचा आहे. फारच झालं तर एक वाक्य पुरतं, आवाज न चढवता: "सर, मी नीट बोलतोय, तुम्हीही तसंच बोला एवढी विनंती आहे." आणि लगेच परत कामावर या.

शिवीगाळ, सगळ्यांसमोर अपमान, "बघतो तुझा निकाल कसा लागतो" असल्या धमक्या, हे मात्र सोडायचं नाही. कामाच्या अर्जापासून वेगळी तक्रार लिहा, कुलसचिवांच्या नावाने, तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं ते. विशेषणं नकोत. "अत्यंत मग्रूर आणि नालायक" लिहिण्यापेक्षा ते जे बोलले तेच अवतरणात लिहा, वाचणाऱ्याला आपोआप कळतं. सोबत कोणी होतं तर त्यांची सही घ्या. जमलं तर ही तक्रार कागद हातात आल्यावर द्या, पण धमकी असेल तर थांबू नका.

आणि काही गोष्टी उद्धटपणाच्या खूप पलीकडच्या असतात. मुलींशी लगट, घाणेरडं बोलणं, "संध्याकाळी फोन कर, काम करून देतो" असलं काही असेल तर थेट अंतर्गत तक्रार समिती, ती प्रत्येक विद्यापीठात असते. जातीवरून बोललं गेलं तर विद्यापीठातला अनुसूचित जाती-जमाती कक्ष आहे, आणि अॅट्रॉसिटी कायद्याचा रस्ता आहे. अशा वेळी एकट्याने सहन करू नका, घरच्यांना आणि भरवशाच्या प्राध्यापकांना त्याच दिवशी सांगा. आणि "जाऊ दे, डिग्री मिळू दे आधी" हा सल्ला देणारे भेटतील, तो मानू नका.

९. पैसे मागितले तर

"चहापाण्याचं बघा" हे ऐकलं तर देऊ नका, आणि गेटबाहेरच्या एजंटालाही देऊ नका, तो तुमचे मूळ कागद घेऊन गायब झाला तर तक्रार कोणावर करणार? लाच देणं हाही गुन्हा आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर, जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं तरच सुटका आहे. मागणी झाली की लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या टोल फ्री नंबरवर फोन करा, देण्याच्या आधी. सापळा लावायचा की नाही, पुढे काय करायचं, ते तेच सांगतात. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा, पावती मिळत नसेल तर ती फी नाही.

१०. तारीख अगदी डोक्यावर आली असेल तर

इथे दोन्ही बाजूंनी हालचाल करा. विद्यापीठात अर्जासोबत प्रवेशाचं पत्र, ज्यात शेवटची तारीख दिसते ते जोडा आणि वर लाल पेनाने "तातडीचे" लिहा. त्याच वेळी जिथे कागद द्यायचाय तिथे ईमेल करा की अर्ज केलाय, ही पोच, मुदत वाढवून द्या किंवा प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरतं प्रमाणपत्र चालेल का. पोच असलेला कागद दाखवला तर बरीच कॉलेजं हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश देतात, पोचच नसेल तर कोणी विश्वास ठेवत नाही. डिजिलॉकरमध्येही एकदा बघा, तुमच्या विद्यापीठाने मार्कशीट किंवा पदवी तिथे टाकली असेल तर ती मूळ कागदाच्या बरोबरीची धरली जाते आणि कदाचित खिडकीवर जायचीच गरज पडणार नाही.

११. कागद हातात आल्यावर

आनंदाने घडी घालून निघू नका. खिडकीपासून दोन पावलं बाजूला व्हा आणि तिथेच वाचा: तुमचं नाव, वडिलांचं आणि आईचं नाव, इंग्रजी आणि देवनागरी दोन्ही स्पेलिंग, पीआरएन, परीक्षेचा महिना-वर्ष, श्रेणी, सही आणि शिक्का. ट्रान्सक्रिप्ट बंद लिफाफ्यात असेल तर लिफाफा फोडू नका, आतल्या मजकुराची एक वेगळी प्रत मागून ती तपासा आणि लिफाफ्याच्या जोडावर शिक्का आहे का बघा. चूक दिसली तर त्याच क्षणी परत द्या, तेव्हा ती पाच मिनिटांत दुरुस्त होऊ शकते, घरी जाऊन दिसली तर दुरुस्तीचा नवीन अर्ज, नवीन फी आणि वरच्या सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून. सगळं बरोबर असेल तर वितरण रजिस्टरला सही करा, आणि ज्यांनी काम करून दिलं त्यांना नाव घेऊन धन्यवाद म्हणा.